सव्वा महिना आणि तीस दिवस

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथली वाक्यं सरळ केली आहेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आजच्या भागात गड नाही, लढाई नाही, तहसुद्धा नाही. आजचा इतिहास एका कागदापासून सुरू होतो, आणि त्या कागदाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

तो कागद म्हणजे माझ्या भाच्याचं डिस्चार्ज कार्ड. ताई बाळंतपणाला कोल्हापुरात माहेरी आली होती आणि एकतिसाव्या आठवड्यातच तिला कळा सुरू झाल्या. बाळाचं वजन १३५० ग्रॅम. म्हणजे साखरेची किलोची पिशवी आणि वर थोडं. श्वास नीट घेता येईना म्हणून लगेच काचेच्या पेटीत ठेवलं, ऑक्सिजन लावला. आज्जी मात्र धीर देत होती, "सातव्या म्हैन्यातलं प्वार हाय, जगतंय बघ." वीस दिवसांनी बाळ घरी आलं. पेढे वाटले. मी कार्डाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडलेले इमोजी.

त्या कार्डावर औषधांच्या यादीखाली एक ओळ होती: "आरओपी स्क्रीनिंग, ३० दिवसांच्या आत." ग्रुपवर आम्ही तेवीस जण. त्यात दोन इंजिनिअर, एक सीए, एक एमपीएससीवाला. ती ओळ एकानेही वाचली नाही. मीच फोटो काढला होता आणि मीही वाचली नाही.

सव्विसाव्या दिवशी हॉस्पिटलमधल्या सिस्टरांचा फोन आला. "बाळाचे डोळे दाखवले का?"

ताई म्हणाली, "डोळ्यांना काय झालंय? छान बघतोय की."

आणि मागून आज्जी, "अजून सव्वा म्हैना बी झाला न्हाई. बाळाला वाऱ्यावर कशाला न्हेतासा?"

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्या ओळीचा इतिहास सांगायला हवा. ती एक ओळ लिहायला जगाला जवळजवळ पन्नास वर्षं लागली आणि तोवर हजारो मुलांचे डोळे गेले. त्यातला एक माझा मित्र आहे. त्याच्याबद्दलही बोलू.

आधी डोळ्याच्या आत काय होतं ते

आपल्या डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून एक पातळ पडदा असतो, दृष्टिपटल. बाळ पोटात असताना साधारण सोळाव्या आठवड्यापासून या पडद्यावर रक्तवाहिन्या पसरायला लागतात. त्या मध्यापासून सुरू होतात आणि हळूहळू कडेपर्यंत जातात. सगळीकडे पोचायला जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. म्हणजे बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्मलं तर पडद्याचा कडेचा भाग अजून कोराच असतो.

पोटात बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि त्याच हिशोबाने या वाहिन्या वाढत असतात. बाळ बाहेर आलं, वरून जास्तीचा ऑक्सिजन मिळाला, की वाहिन्यांना वाटतं आता गरज नाही. त्या वाढायच्या थांबतात. काही आठवड्यांनी पडदा मोठा होतो, त्याला रक्त कमी पडतं आणि तो मदत मागायला लागतो. मग घाईघाईत नव्या वाहिन्या फुटतात, पण वेड्यावाकड्या, कच्च्या, चुकीच्या जागी. त्यातून रक्त झिरपतं, व्रणासारखे तंतू तयार होतात, आणि ते तंतू आकसले की पडद्यालाच ओढतात. पडदा भिंतीवरून निसटला की दृष्टी गेली.

याचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, थोडक्यात आरओपी. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की हे होत असताना बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. डोळा लाल नाही, पाणी नाही, चिपडं नाहीत. बाळ रडतंय, दूध पितंय, वजन वाढतंय. तीनचार महिन्यांनी आईच्या लक्षात येतं की हा नजर देत नाही. तोवर बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो.

एक मात्र नीट लक्षात घ्या. अपुऱ्या दिवसांच्या बऱ्याच बाळांना हा त्रास होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांच्यातल्याही पुष्कळ जणांचा आपोआप बरा होतो. पण कुणाचा वाढणार हे आत बघितल्याशिवाय कळत नाही.

पेटी आली, आणि मागून अंधार

१८८० च्या आसपास युरोपात नवजात बाळांसाठी दोन मोठ्या गोष्टी झाल्या. जर्मनीत लाइपझिगच्या कार्ल क्रेडे या डॉक्टरने जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली. आईकडून जन्माच्या वेळी लागणाऱ्या जंतूंमुळे तेव्हा कितीतरी बाळं आंधळी व्हायची. त्याच्या रुग्णालयात या संसर्गाचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आलं. थेंब फक्त आजारी दिसणाऱ्या बाळाला नाही, सगळ्यांना. हा विचार लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट पॅरिसमध्ये. एतिएन तार्निए या डॉक्टरने प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी बघितली आणि तशीच पेटी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी करून घेतली. आजच्या काचेच्या पेटीची ती पणजी. त्याच सुमारास आपल्या कोल्हापुरात अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल नवं होतं. मेजर मँट यांनी आराखडा केलेली दगडी इमारत. आज आपण त्याला सीपीआर म्हणतो, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय.

पुढच्या साठ वर्षांत पेट्या सुधारल्या, त्यात ऑक्सिजन सोडता यायला लागला आणि आधी जी बाळं हमखास जायची ती जगायला लागली. मग १९४२ साली बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांच्या डोळ्यात भिंगाच्या मागे पांढरट पडदा दिसत होता आणि ती बाळं आंधळी होती.

दहा वर्षं कुणालाच कारण सापडेना. उजेडामुळे होतंय का? जीवनसत्त्वांमुळे? लोहाच्या औषधामुळे? संशयितांची यादी लांबत गेली. आणि कोडं असं की गरीब दवाखान्यांत हा आजार कमी आणि सगळ्यात भारी, सगळ्या सोयींच्या हॉस्पिटलांत जास्त. आपण उलटंच समजतो ना? पैसा जास्त तिथे आजार कमी.

१९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्बेल या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आपल्या शहरातल्या संस्थांची तुलना केली. जिथे ऑक्सिजन सढळ हाताने दिला जात होता तिथे आंधळेपणा जास्त होता. जीव वाचवणारी गोष्टच डोळे घेत होती.

वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ नावाच्या तरुण डॉक्टरलाही हाच संशय होता. त्याने काही बाळांना भरपूर ऑक्सिजन आणि काहींना गरजेपुरताच, असा प्रयोग सुरू केला. तर काही नर्स रात्री गुपचूप जाऊन कमी ऑक्सिजनवाल्या बाळांचा ऑक्सिजन वाढवायच्या. त्यांना वाटायचं हा डॉक्टर लेकरांना गुदमरवतोय. मला या नर्सचा राग येत नाही. त्या जागी आज्जी असती तर तिनेही तेच केलं असतं, आणि बहुतेक मीही.

शेवटी अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून मोठा प्रयोग केला आणि १९५४ मध्ये निकाल जाहीर झाला. जास्तीचा ऑक्सिजन हेच कारण. तोपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली होती. गायक स्टीव्ही वंडर त्यातलाच एक. जन्म १९५०, सहा आठवडे आधी.

तुटेपर्यंत ताणलं

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. कारण सापडलं, ऑक्सिजन कमी करा, प्रश्न मिटला. झालंही तसंच. ऑक्सिजनवर कडक मर्यादा आली आणि आंधळेपणा एकदम घटला. पण १९७३ मध्ये केनेथ क्रॉस या ब्रिटिश डॉक्टरने हिशोब मांडला, तो वाचून अंगावर काटा येतो. त्याच्या अंदाजाने, एका बाळाची दृष्टी वाचवताना ऑक्सिजनअभावी सुमारे सोळा बाळं दगावत होती.

अडचण अशी होती की बाळाच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे हे सतत मोजायची सोय नव्हती. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरने (आमच्या जातभाईने!) पल्स ऑक्सिमीटरमागची कल्पना शोधली. कोरोनात आपण सगळ्यांनी बोटाला लावला ना, तोच. आता डॉक्टरांच्या हातात काटा आला. तरीही २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की ऑक्सिजनची पातळी थोडी खाली ठेवली तर गंभीर आरओपी निम्म्यावर येतो, पण मृत्यू वाढतात. १६.२ टक्क्यांवरून १९.९ टक्क्यांवर.

म्हणजे ऑक्सिजन हा खलनायक नव्हे, आणि नुसता देवही नव्हे. तो मोजून, मिसळून, जपून द्यायचा. आणि इतकं जपूनही काही बाळांना आरओपी होणारच हे धरून चालायचं. मग हातात उरतं काय? बघणं. वेळेवर आणि प्रत्येक बाळाच्या डोळ्यात बघणं. क्रेडेच्या थेंबामागचा तोच विचार, आजारी दिसेल त्यालाच नको, सगळ्यांना.

१९८४ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी आरओपीच्या पायऱ्या ठरवल्या. आज त्या पहिलीपासून पाचवीपर्यंत मोजतात, पाचवी म्हणजे पडदा पूर्ण निसटलेला. १९८८ मध्ये सिद्ध झालं की पडद्याचा कोरा भाग वेळेत गोठवला तर वाईट परिणाम जवळपास निम्म्यावर येतात. पुढे गोठवण्याच्या जागी लेझर आलं, मग डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली. पण प्रत्येक उपचाराची अट एकच. दोनचार आठवड्यांची एक खिडकी असते, ती उघडी असताना या.

कार्डावरची ती ओळ इथून आली.

आपल्याकडे का उशिरा आलं

भारतात हा आजार बराच काळ मोठा प्रश्न नव्हता. कारण ऐकायला कठोर आहे. ज्यांना तो झाला असता ती बाळं जगतच नव्हती.

आपल्याकडे लहान मुलांचा आंधळेपणा म्हणजे वेगळ्याच गोष्टी. एकेकाळी देवी. मग जीवनसत्त्व अ ची कमतरता. त्यासाठी १९७० मध्ये मुलांना डोस द्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आणि मोठ्यांचे डोळे म्हटलं की मोतीबिंदू. आमच्या भागात तर मिरजेच्या वॉन्लेस हॉस्पिटलपासून गावोगावच्या शिबिरांपर्यंत डोळे दाखवणं म्हणजे आजोबांचं काम. पंचवीस दिवसांच्या बाळाचे डोळे दाखवायचे असतात हे आमच्या डोक्यात येणार कुठून?

दरम्यान बाळं वाचवायचं काम जोरात सुरू होतं आणि त्यात महाराष्ट्र पुढे होता. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. २००३ मध्ये बंगालच्या पुरुलियात जिल्हा पातळीवरचा पहिला सरकारी नवजात अतिदक्षता कक्ष झाला आणि मग देशभर असे कक्ष उभे राहिले.

अभिमान वाटावा अशाच या गोष्टी. पण बॉस्टनमध्ये १९४० च्या दशकात जे झालं तेच आपल्याकडे पन्नास वर्षांनी झालं. बाळं जगायला लागली आणि मागोमाग आरओपी आला. जगातले तज्ज्ञ याला आरओपीची तिसरी साथ म्हणतात. पहिली १९४०-५० ची, दुसरी श्रीमंत देशांत अतिशय लहान बाळं जगायला लागली तेव्हाची, आणि तिसरी आपल्यासारख्या देशांतली. आपल्याकडे तर तुलनेने मोठ्या, वजनदार बाळांनाही तो होतो. म्हणून अमेरिकेत साधारण १५०० ग्रॅम किंवा ३० आठवड्यांपर्यंतच्या बाळांची तपासणी करतात, तर भारतात २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांच्या आतला जन्म असेल तर तपासणी. आकडाही ऐका. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगात सगळ्यात जास्त.

मग आपल्याकडची माणसं कामाला लागली. १९९८ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. सुभद्रा जलाली यांच्या पुढाकाराने शहरातल्या बाळांची तपासणी सुरू झाली. 'तीस दिन रोशनी के' हे त्यांचं सूत्र. नियम एवढा सोपा केला की डॉक्टरपासून आयापर्यंत सगळ्यांच्या लक्षात राहावा. बाळ तीस दिवसांचं व्हायच्या आत डोळे बघायचे. फारच लहान बाळ असेल, १२०० ग्रॅमच्या आतलं किंवा २८ आठवड्यांच्या आधीचं, तर आणखी लवकर, दोन-तीन आठवड्यांतच.

शेजारच्या कर्नाटकात २००८ पासून बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाच्या डॉ. आनंद विनेकर यांच्या टीमने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तज्ज्ञ गावोगाव पोचणार नाहीत, मग तंत्रज्ञांना शिकवायचं. ते गाडीत कॅमेरा घालून तालुक्या-जिल्ह्याच्या दवाखान्यांत जातात, बाळाच्या पडद्याचे फोटो काढतात आणि तज्ज्ञ ते लांबून, अगदी फोनवरसुद्धा बघून सांगतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. नाहीतर आम्ही फोनवर काय बनवतो? दहा मिनिटांत चिप्स आणून देणारी ॲप्स. पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातही डॉ. सुचेता कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी हेच काम वर्षानुवर्षं करत आहेत.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत मुलांची तपासणी, तीस आजारांची यादी आणि त्या यादीत आरओपी. आणि १ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली २९ व्या आठवड्यात, १२५० ग्रॅमची मुलगी जन्मली होती. डोळे तपासा असं पालकांना कुणी सांगितलं नाही आणि तिची दृष्टी गेली. न्यायालयाने एकूण सुमारे १.८ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली. मुलगी तोवर अठरा वर्षांची झाली होती.

माझा मित्र

आता मित्राबद्दल. आम्ही एकाच पेठेतले, एकाच वयाचे, साधारण त्या चेन्नईच्या मुलीच्या वयाचे. तोही सातव्या महिन्यातला, तोही पेटीत राहिलेला. पाच महिन्यांचा झाला तरी नजर देईना म्हणून दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले पडदा निसटलाय. लहानपणी गल्लीत सगळे म्हणायचे नशीब. आम्ही पोरंही तेच म्हणायचो. आज तो बँकेत नोकरी करतो, फोन टॉकबॅकवर चालवतो आणि आपला हा पॉडकास्ट दुप्पट वेगाने ऐकतो. माझ्या चुका सगळ्यात आधी त्याच्याकडून येतात.

भाच्याचं त्याला सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, "कितव्या दिवशी नेलं?"

"अठ्ठाविसाव्या."

थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला न्यायचं असतं हे कुणाला माहीतच नव्हतं लेका. घरच्यांना काय बोलणार?"

त्याच वर्षांच्या आसपास हैदराबादमध्ये तीस दिवसांचा नियम आकाराला येत होता. कोल्हापूर ते हैदराबाद साधारण साडेपाचशे किलोमीटर. मित्राच्या डोळ्यांना तेवढं अंतर नडलं. नशीब हा शब्द मी त्या दिवसापासून जपून वापरतो.

सव्वा महिना

आज नियम आहे, कार्यक्रम आहे, लेझर आहे. मग अजून बाळं का सुटतात? माझ्या मते कारण पेटीत नाही, पेटी आणि घर यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. एका टीमचं काम संपतं, दुसऱ्या टीमचं सुरू व्हायचं असतं, आणि मधे एक ओळ पडून राहते जी कुणीच वाचत नाही. बालरोगतज्ज्ञांनी बाळ वाचवलं. नेत्रतज्ज्ञ दुसरीकडे बसतात. मधली जबाबदारी एका कागदावर, तो कागद आईच्या पिशवीत, आणि आई स्वतः ओली बाळंतीण.

त्यात आपला सव्वा महिना. एक महिना आणि वर पाव, म्हणजे सदतीस-अडतीस दिवस. काही घरांत चाळीसच धरतात. तोवर बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. डोळ्याची मुदत तीस दिवसांची आणि घराची अडतीस. जेव्हा न्यायला हवं नेमकं तेव्हाच दार बंद.

मी काही या प्रथेवर तुटून पडणार नाही. घराघरांत बाळं संसर्गाने जात होती तेव्हा गर्दीपासून लांब ठेवण्यात शहाणपणच होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर आजही जपायलाच हवं. आज्जी चुकीची नव्हती. तिच्याकडे एक माहिती कमी होती, आणि ती आमच्याकडेही नव्हती.

त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आज्जी, सव्वा महिना पाळा की. डोळ्यापुरतं तेवढं आणा. सकाळी आठला या, गर्दी नसते. गुंडाळून आणा, अर्ध्या तासात मोकळं करते." आज्जी दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "आठला म्हंजे आठलाच बघा गं."

अठ्ठाविसाव्या दिवशी गेलो. बाळाच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकले. पापण्या उघड्या ठेवायला छोटी तार लावली. बघवत नाही हो ते. बाळ किंचाळत होतं, ताई बाहेर रडत होती. डॉक्टरांनी डोक्यावर दिवा लावून हातात भिंग धरून आत बघितलं. दुसरी पायरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा या. पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी पायरी आणि वाहिन्या फुगलेल्या. दोन दिवसांत दोन्ही डोळ्यांना लेझर. तारीख मोजली तर सव्वा महिना पुरा होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. सव्वा महिन्यापर्यंत थांबलो असतो, मग बारसं, मग सासरी, मग कधीतरी डोळे, तर काय झालं असतं हे मी मोजत नाही.

तुमच्यासाठी एवढंच

तुमच्यातले बरेच जण वीस-पंचविशीतले आहात. मुलं अजून झालेली नाहीत. पण ताई, वहिनी, मैत्रीण, ऑफिसातलं कुणीतरी असेलच. कुणाचं बाळ आधी जन्मलं, दोन किलोच्या आत होतं किंवा पेटीत होतं असं ऐकलंत, की पेढा खा आणि एकच प्रश्न विचारा. डोळे कधी दाखवायचेत? तारीख फोनमध्ये टाका, अलार्म लावा. एकदा दाखवून ठीक निघालं तरी डॉक्टर "आता पुरे" म्हणेपर्यंत जात राहा. बाळ अजून हॉस्पिटलमध्येच असेल तर तिथेच तपासणी होईल का ते विचारा.

आणि चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीत कुणी असेल तर त्यांना आधीच सांगा. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. बाळ घेऊन तो प्रवास ऐनवेळी ठरवता येत नाही. आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्यातली एक भेट अठ्ठाविसाव्या दिवसाची असते. म्हणजे मुदत संपायला दोन दिवस उरलेले. त्यांना विचारायची वाट बघू नका, एकविसाव्या दिवसाच्या भेटीलाच तुम्ही विचारा.

पूर्ण दिवसांच्या बाळांसाठीही एक गोष्ट. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाहुली लाल दिसायच्या ऐवजी पांढरी दिसत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्यातली गाठ. पण आरओपी सुरुवातीला अशा फोटोत दिसत नाही. त्याला तपासणीच लागते.

भाचा आता दीड वर्षाचा आहे. लांबचं कमी दिसतं, अशा मुलांमध्ये ते बऱ्याचदा होतं, म्हणून त्याला एवढासा चष्मा लागलाय. मागून रबरी पट्टा. दिवसातून दहा वेळा काढून फेकतो आणि दहा वेळा आज्जी उचलून पुसून घालते. पुसताना तिचं ठरलेलं वाक्य, "आठला न्हेलंवतं म्हणून हाय बघ हे."

अठ्ठाविसाव्या दिवसाचं श्रेय ती सकाळी आठ वाजण्याला देते. मी दुरुस्त करत नाही.

भेटू पुढच्या भागात. आणि मित्रा, दुप्पट वेगाने ऐकत असशील तर या भागात काय चुकलं ते रात्री कळव.